डिझायनर दुकानाची बायर की साडीच्या पेढीवरची खरेदी?

फॅशन शिकून बाहेर पडलेल्या मुली हल्ली मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. दक्षिण मुंबईत डिझायनर कपड्यांच्या दुकानात असिस्टंट बायरची, म्हणजे दुकानासाठी माल निवडून घेणाऱ्या मदतनिसाची, जागा आहे आणि दादरच्या साडीच्या मोठ्या पेढीलाही खरेदीसाठी माणूस हवंय, तर कुठे जाऊ? पहिल्या प्रकारच्या दुकानात मी चार वर्षं काढली, दुसऱ्या प्रकारच्या सहा. दोन्हीकडे माल महागडा, गिऱ्हाईक बायकाच आणि काम खरेदीचंच. तरी दोन्ही नोकऱ्या एक नव्हेत. लेहंगा की साडी, हा फरक वरवरचा. न विकलेला माल कोणाच्या पैशात पडून राहतो, खरा फरक तिथे आहे.

डिझायनर दुकान आधी घेऊ. एकाच छताखाली अनेक डिझायनर विकायची रीत मुंबईत रुजली ती १९८७ मध्ये लायन गेटजवळ उघडलेल्या ‘एन्सेम्बल’पासून. डिझायनर तरुण ताहिलियानी त्याच्या संस्थापकांपैकी एक. अशा दुकानांत बराचसा माल कन्साइनमेंटवर येतो. म्हणजे डिझायनर कपडे पाठवतो, विकले तर दुकान आपला हिस्सा ठेवून बाकी पैसे देतं, नाही विकले तर हंगाम संपल्यावर माल परत. त्यामुळे बायर म्हणून तुम्ही पैसे गुंतवत नाही, रॅकवरची जागा गुंतवता. साठ कपड्यांच्या लुकबुकातून, म्हणजे डिझायनरच्या फोटोंच्या पुस्तिकेतून, बारा निवडायचे आणि ते शेजारच्या रॅकवरच्या बाराशी भांडणार नाहीत हे बघायचं. नजर घडते ती इथे. लॅक्मे फॅशन वीकला पहिल्या-दुसऱ्या रांगेत बसायला मिळतं हे खरं, पण तिथे रॅम्पवर दिसलेला कपडा दुकानात जसाच्या तसा क्वचितच येतो. गळा वर घेतात, अस्तर लावतात, बाह्या जोडतात. त्या वाटाघाटी बायरच करते.

या कामातली डोकेदुखी दोन गोष्टींची. पहिली साइजची. एका डिझाइनचे सहा नग मागवले तर लहान एक, मध्यम दोन, मोठे दोन, त्याहून मोठा एक, असा साधारण हिशेब. मधले चार उठतात आणि दोन टोकं लटकत राहतात. याला आम्ही ‘कट साइज’ म्हणतो, आणि कट साइजच्या रॅकसमोर गिऱ्हाईक थांबत नाही. दुसरी डोकेदुखी तारखेची. जरदोजी करणारे कारागीर ईदला गावी गेले की कारखाना थंडावतो, आणि मुलीच्या संगीताला आठ दिवस उरलेली आई फोन करते ती डिझायनरला नाही, तुम्हाला.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांवरच्या शिवलेल्या कपड्यांचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. या दुकानांत अडीच हजारांखाली काय मिळतं? फार तर बटवा. म्हणजे जवळपास सगळा माल १८ टक्क्यांत. वाढलेला भार किमतीत टाकायचा, दुकानाने सोसायचा की डिझायनरने, यावर कितीतरी बैठका झडल्या असतील. न शिवलेली साडी मात्र ५ टक्क्यांतच राहिली.

आणखी एक गोष्ट मुलाखतीत कोणी सांगत नाही. बाई दुकानात येते, घालून बघते, ट्रायल रूममध्ये फोटो काढते आणि घरी जाऊन थेट डिझायनरला इन्स्टाग्रामवर निरोप पाठवते. निवड तुमची, विक्री त्याची.

आता साडीची पेढी. इथे कन्साइनमेंट फार थोडी, बहुतेक खरेदी आउटराइट. बिल फाडलं की माल आपला. काशीला व्यापाऱ्याच्या गद्दीवर पांढऱ्या चादरीवर मांडी घालून बसायचं, समोर एकेक साडी उलगडली जाते, आणि ‘ही ठेवा’ म्हटल्याक्षणी शेठचे पैसे गुंतले. पहिल्या फेरीला माझा हात थरथरला होता. कांचीपुरमला तर पहिले दोन दिवस विणकर भाव मला सांगतच नव्हते, माझ्याबरोबर आलेल्या शेठच्या मुलाला सांगत होते. त्याला साडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. खरेदीला बाई ही या धंद्यात अजून नवलाईच आहे, हे धरून चला.

पण माल कळतो तो इथेच. येवल्याला एका विणकरदादांनी मला पैठणीचा पदर उलटा करून दाखवला. हातमागावर धोट्या फिरवून विणलेला मोर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो. यंत्रावरच्या ‘सेमी’ पैठणीत मागे धाग्यांचा गुंता असतो, नाहीतर ते कातरल्याच्या खुणा. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी काउंटरवर हा फरक सांगणारं माणूस लागतंच. सिल्क मार्कचं तसंच. तो फक्त रेशीम शुद्ध असल्याची हमी देतो, हातमागाची नाही आणि जरीचीही नाही. हे न कळता घेतलेली साडी सहा महिन्यांनी तक्रार होऊन परत येते. आमचे जुने सेल्समन रंग ट्यूबलाइटखाली कधी ठरवायचे नाहीत. साडी घेऊन दारात जायचे आणि दिवसाच्या उजेडात पदर धरायचे. मीही आता भाजीसुद्धा तशीच बघते.

साइजची कटकट नाही, पण रंगाची आहे. एका वर्षी मी कांजीवरममध्ये अठरा साड्या राखाडी-फिक्या जांभळ्या छटेत उचलल्या. डिझायनर दुकानात असे रंग हातोहात गेले असते. दादरला नवरीची आजी सोबत असते आणि आजीला हिरवी, पिवळी, फार तर डाळिंबी हवी असते. अठरातल्या सात जेमतेम गेल्या. उरलेल्यांची दर महिन्याला घडी बदलावी लागायची, नाहीतर घडीवर रेशीम तुटतं आणि जरीचा धागा काळवंडतो. हे काम खरं तर मदतनिसाचं, पण शेठने ते मुद्दाम मला दिलं होतं. वर्षभर दर महिन्याला स्वतःची चूक उलगडायची आणि उलटी घडी घालून परत ठेवायची. डिझायनर दुकानात हाच माल मार्चमध्ये खोक्यात भरून परत गेला असता आणि मला काहीच कळलं नसतं.

पैसे चुकते करण्याचं गणितही २०२४ पासून बदललं. ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नाहीतर १५ दिवसांत चुकतं करायचं. नाही केलं तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. पूर्वी तीन-चार महिन्यांची उधारी सर्रास चालायची. आता लग्नसराईचा माल किती आधी उचलायचा, हे बायरला हिशेबनिसाशेजारी बसून ठरवावं लागतं.

तिसरा पर्याय डिपार्टमेंट स्टोअरच्या महिला विभागाचा. ‘शॉपर्स स्टॉप’ १९९१ मध्ये अंधेरीत सुरू झालं, त्यानंतर ही जमात वाढली. तिथे कपड्याला हात कमी लागतो, आकडे जास्त. पण एक गोष्ट तिथलीच शिकून घ्या, ‘ओपन टू बाय’, म्हणजे या महिन्यात अजून किती खरेदी करता येईल याचा हिशेब. समजा महिन्याची अपेक्षित विक्री ४० लाख, महिन्याअखेर हवा असलेला साठा ९० लाख, सुरुवातीचा साठा १०० लाख आणि आधीच दिलेल्या ऑर्डरी १२ लाखांच्या. विक्री आणि अखेरचा साठा मिळून १३०, त्यातून सुरुवातीचा साठा आणि ऑर्डरी मिळून ११२ गेले, उरले १८ लाख. (सवलतीत जाणारी रक्कम असेल तर ती १३० च्या बेरजेत धरायची.) त्या महिन्यात तुमचा हात तेवढाच मोकळा. साडीच्या पेढीवर हा हिशेब शेठच्या डोक्यात असतो आणि तो तुम्हाला कळत नाही, हे त्या नोकरीचं मोठं वैगुण्य.

माझा कौल सांगते. नोकरीची पहिली तीन वर्षं असतील, प्रवास झेपत असेल आणि घरून ‘साडीच्या दुकानात काय नोकरी करतेस’ हे ऐकून घ्यायची तयारी असेल, तर पेढी. नजर आधीच तयार असेल, डिझायनरांशी ओळखी हव्या असतील किंवा पुढे स्वतःचं लेबल काढायचं असेल, तर डिझायनर दुकान. दोन्हीकडे रविवार विसरा, आणि दिवाळीही.

कुठेही मुलाखतीला गेलात तरी दोन गोष्टी विचारा. माल आउटराइट की परतीच्या बोलीवर? आणि गोदामातलं सगळ्यात मागचं कपाट बघायला मिळेल का? ते दाखवायला जो मालक टाळाटाळ करतो, तो तुमच्या आधीच्या बायरने का सोडलं तेही सांगणार नाही.