जॅझ बेस आणि '300 वॅट'च्या अँपच्या नावाखाली 90,500 रुपयांची फसवणूक

जुनी वाद्ये ऑनलाइन विकणाऱ्या एका माणसाने फेंडर या अमेरिकी कंपनीच्या जॅझ बेस गिटारचे 62,000 आणि '300 वॅट'च्या बेस अँपचे (अँप्लिफायरचे) 28,500, असे 90,500 रुपये माझ्याकडून उकळले. 25,000 आगाऊ आणि उरलेले 65,500 खासगी बसमध्ये पार्सल चढवल्याची पावती आल्यावर, ही पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे.

ते फोटो आता पाहिले की संताप अनावर होतो. बेस चार वर्षे अलिबागला वाजवला, असे तो सांगत होता. पण ब्रिजचे स्क्रू, ट्यूनिंगच्या खुंट्या, जॅकची कडा, कुठेही गंजाचा ठिपका नव्हता. आपल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात हे स्क्रू तांबूस होतात, हे कोकणातल्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही, आणि तिथेच मी फोन ठेवायला हवा होता. हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकावर, 'मेड इन मेक्सिको' होते, मात्र सिरियल क्रमांक 'यूएस'ने सुरू होत होता. फेंडरची ती अक्षरे अमेरिकेत बनलेल्या वाद्यांवर असतात. पण शिमग्यातला कार्यक्रम तोंडावर होता, आणि व्हिडिओ कॉलवर त्याने वाजवलेला बेस खराच होता, नकली निघाला तो पार्सलमधला. माझ्या जागी कोणीही विश्वास ठेवला असता. बेसची नेक (दांडी) सोडवून तिच्या टाचेवरचा शिक्का दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याला एक रुपयाही देऊ नका.

अँपची लबाडी मागच्या पट्टीवरच निघाली: वीजवापर 60 वॅट. तेवढीच वीज खेचणारा अँप सलग 300 वॅट देईल कुठून? बेसची ई तार सुमारे 41 हर्ट्झवर वाजते, ती ड्रमसोबत ऐकू यायची तर ताकद लागते. याचा स्पीकर पहिल्याच सरावात फडफडू लागला.

पोलीस ठाण्यात उत्तर मिळाले, "वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली?" भारतीय न्याय संहितेचे कलम 318 फसवणुकीसाठीच आहे, हे सांगितल्यावर मला सायबर शाखेकडे पाठवले, तिथून पुन्हा ठाण्यात, आणि बँकेने तर पैसे मी स्वतःच पाठवल्याचे सांगून हात झटकले. नकली बेस टेबलावर ठेवला तरी कोणी त्याच्याकडे पाहिले नाही. पंचनामा नाही, साधी पोचही नाही. पैसे गेल्याचे कळताच आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकली की ती गोठवणे कठीण होते.

निळ्या बेसचे तेच फोटो नव्या नावाने पुन्हा जाहिरातीत आले आहेत. तिथे चौकशी करणार असाल, तर आधी अँपच्या मागच्या पट्टीचा फोटो मागा.