घरकुलाचं 'फुल पॅकेज' घेऊ नका, आमच्या मोठ्या आईचं काय झालं ते वाचा

दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव, नाव नाही टाकत, पण हे लोक आसपासच्या सगळ्याच गावांत फिरून राहिले म्हणून लिहितो.

मोठे बाबा गेल्यापासून मोठी आई एकटीच राहते, पोरगा पुण्याला कंपनीत. घरकुलाच्या, म्हणजे सरकारी अनुदानातून घर बांधायच्या योजनेच्या, यादीत तिचं नाव लागलं न् लागलं की एक ठेकेदार दारात हजर. म्हणे काकू, तुम्ही फक्त कागदं द्या, एक लाख वीस हजारात चावी हातात. आता 269 स्क्वेअर फुटाचं का होईना, पण स्लॅबचं घर आजच्या भावात एवढ्यात कोण बांधून देते? तिथंच पाणी मुरत होतं.

मुळात या योजनेत ठेकेदार चालतच नाही. लाभार्थ्यानं स्वतः मिस्त्री लावून बांधायचं, पहिला हप्ता सोडला तर आधी कामाचा फोटो मग हप्ता, अन् पैसे त्याच्याच खात्यात, असा नियम आहे. गावात हे कोणी सांगत नाही, का सांगत नाही ते समजून घ्या.

या ठेकेदारानं पाया खोदला तो जेमतेम गुडघाभर. आमच्याकडं सगळी काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मुरूम लागेपर्यंत खाली जावंच लागते. पण वरून जोता मस्त दिसला, मोबाईलवरून जिओ टॅगचा (जागेची नोंद असलेला) फोटो गेला अन् हप्ता पडला. फोटोत पाया किती खोल ते दिसत नाही ना भाऊ.

पैसे काढायचा प्रकार तर ऐकाच. तो तिला बँकेत न्यायचाच नाही, चौकातल्या मिनी बँकेत न्यायचा, म्हणजे आधारच्या अंगठ्यावर पैसे काढून देणारं दुकान. तिनं मशीनवर अंगठा ठेवला तर तिथला पोट्टा म्हणे लागला नाही, तुमच्या रेषा झिजल्या, परत ठेवा. तिनं पदराला बोट पुसून परत ठेवला. मशीनवर एका वेळी 10,000 च निघतात, तिच्या हिशोबानं एकदाच निघाले, पावती मागितली तर पेपर संपला. नंतर पासबुक प्रिंट करून आणलं तर त्या तारखेला दोन एंट्र्या.

रेतीचं वेगळंच. घरकुलाला 5 ब्रास रेती सरकार फुकट देते, फक्त वाहतूक आपली. यानं तिच्या नावानं आलेली अर्धी रेती दुसरीकडं टाकली अन् उरलेलीचे पैसे तिलाच लावले. रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी मिळते ती वेगळी, ते मस्टर (हजेरीपट) पाहिलं तर त्यावर अशांची नावं की ज्यांनी विटेला हात लावला नाही.

लेंटलपर्यंत (दार-खिडकीच्या वरच्या पट्टीपर्यंत) भिंती आल्या अन् फोन बंद. पहिल्याच पावसात कोपऱ्यातून भिंत तडकली, सध्या वर टिन टाकून ठेवले. पोलीस म्हणतात लिखापढी दाखवा, ती तर त्यानं केलीच नव्हती. पंचायत समितीत बीडीओच्या (गटविकास अधिकाऱ्याच्या) नावानं अर्ज टाकून पोच घेतली. बँकेत त्या दोन एंट्र्यांवर खुणा करून लेखी तक्रार दिली, तवा मिनी बँकवाला स्वतः घरी येऊन एका एंट्रीचे पैसे देऊन गेला, म्हणे मशीनची चूक. ठेकेदार अजून सापडला नाही, नेरकडं नवीन कामं घेतली असं ऐकतो.

आधारचं बायोमेट्रिक (अंगठ्याचा ठसा) मोबाईलवरून लॉक करता येते, मग अंगठ्यावर पैसे निघत नाहीत, नंबर जोडलेला पाहिजे फक्त. मोठ्या आईचं आता करून टाकलं, पैसे लागले की तिला गाडीवर बसवून बँकेतच नेतो, लाईन कितीही असो.