शिकारीच्या .३०८साठी स्वतः भरलेली काडतुसं: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, कारण पुढचं वाचायला सगळ्यांना वेळ नसतो. काडतुसं स्वतः भरण्यात अर्थ आहे. मात्र बहुतेक जण ज्या हौसेने सुरुवात करतात, म्हणजे पावडरचा तो एक जादूचा भार शोधायचा आणि तिन्ही गोळ्या एकाच भोकातून काढायच्या, त्या हौसेत वेळ आणि प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, पावडर पेटवणारी टोपी) दोन्ही जातात.

रायफल साधी बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे दर बाराला हाताने खटका ओढायची, .३०८ विंचेस्टर या काडतुसाची. नळी बारीक, आतल्या चऱ्यांचा १० इंचाला एक पीळ. गोळी १६५ ग्रेनची (एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम) बॉन्डेड, म्हणजे आतलं शिसं वरच्या कवचाला जोडलेली. पावडर व्हारगेट. सामान म्हणजे एका वेळी एकच काम करणारा सिंगल स्टेज प्रेस, अख्खी पुंगळी पुन्हा मापात आणणारा फुल लेंग्थ डाय, डिजिटल तराजू, कॅलिपर आणि गोळीचा वेग मोजणारा रडारवाला क्रोनोग्राफ. पावडर किती ग्रेन भरतो तो आकडा मुद्दाम देत नाही. माझ्या नळीत, माझ्या पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) जो भार चालतो तो तुमच्याकडे जास्त ठरू शकतो. गोळी बनवणाऱ्याचं किंवा पावडरवाल्याचं मॅन्युअल घ्या आणि त्यातल्या सुरुवातीच्या भारापासून चढा. लष्करी ७.६२ नेटोच्या, म्हणजे .३०८च्याच लष्करी भावंडाच्या पुंगळ्या वापरणार असाल तर अजून जपून. त्यांचं पितळ बहुधा जाड असतं, आत जागा कमी उरते आणि तेवढ्याच पावडरला दाब जास्त येतो.

आता त्या प्रसिद्ध शिडीबद्दल. भार ०.३ ग्रेनने वाढवत न्यायचा, प्रत्येकाच्या तीन गोळ्या मारायच्या आणि सगळ्यात लहान ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पसारा) दिसेल तो भार पक्का करायचा, असं सगळीकडे सांगतात. मीही शिडी मारली. एक भार झकास दिसला. तीच शिडी पुन्हा मारली तेव्हा तो भार साधारण निघाला आणि शेजारचा झकास! तिसऱ्या खेपेला भलताच कुठला तरी. रायफल लहरी नाही, हे निव्वळ गणित आहे. सगळं तेच ठेवलं तरी दहा गोळ्यांचा ग्रुप तीन गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरी दीडपटीहून थोडा मोठा येतो, कारण तीन गोळ्यांत रायफलचा खरा पसारा दिसतच नाही. तेव्हा कुणी तीन गोळ्यांचा अर्ध्या इंचाचा ग्रुप दाखवला की कौतुक करावं आणि पुढच्या सात मारायला सांगाव्यात.

मग फरक कशाने पडला? सगळ्यात जास्त गोळीने. त्याच वजनाची दुसऱ्या बनावटीची गोळी कुठल्याही भाराला जवळजवळ दुप्पट पसरत होती. गोळी वाईट नव्हती, या नळीला मानवली नाही इतकंच. त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझा सल्ला असा, की एका गोळीवर पावडरचे दहा भार आजमावण्यापेक्षा मधल्याच एखाद्या भारावर तीन-चार जातींच्या गोळ्या आजमावा. मधला भार अर्थात प्रत्येक गोळीचा ज्याचा त्याचा, तिच्याच तक्त्यातून घेतलेला.

दुसऱ्या नंबरला गोळी किती खोल बसवायची ते. नळीतले पीळ कुठून सुरू होतात हे पाहायला महागडं साधन लागत नाही. रिकाम्या पुंगळीच्या मानेला बारीक चीर द्यायची. प्रायमर नाही, पावडर नाही. तिच्यात गोळी सैलसर खोचायची, मार्करने काळी करायची, चेंबरमध्ये ठेवून बोल्ट हळूच बंद करायचा. बाहेर काढलं की काळ्या रंगावर पिळांनी ओरखडलेल्या छोट्या छोट्या चौकटी दिसतात, गोळीभोवती सारख्या अंतरावर. तेव्हाची गोळीच्या टोकापासून पुंगळीच्या तळापर्यंतची लांबी कॅलिपरने मोजायची. माझ्या रायफलमध्ये ही लांबी मॅगझिनमध्ये मावतच नाही! .३०८ची एकूण कमाल लांबी मानकानुसार ७१.४ मिलिमीटर आणि माझं मॅगझिन त्याहून जेमतेम मोठं. म्हणजे गोळीला पिळांपर्यंत थोडी उडी मारावीच लागणार. फोरमवाले याचा मोठा बाऊ करतात. मी मॅगझिनला मानवेल ती लांबी धरली आणि तिथून गोळी थोडी थोडी आत घेत गेलो. फरक दिसला, पण गोळी बदलल्यावर दिसला होता तेवढा नाही.

साइझिंगबद्दल, म्हणजे उडालेली पुंगळी दाबून पुन्हा मापात आणण्याबद्दल एकच. पुंगळीचा खांदा ०.०५ मिलिमीटर मागे सारायचा, बास. फक्त मान साइझ करून पितळ जास्त टिकतं म्हणतात, आणि टेबलावरून नेम धरणाऱ्यांनी तसं खुशाल करावं. शिकारीत दुसरं काडतूस धुळीत, थंडीत, घाईत विनातक्रार चढलं पाहिजे.

क्रोनोग्राफवर खर्च केला त्याचं समाधान आहे, पण वेगळ्याच कारणासाठी. एका काडतुसात आणि दुसऱ्यात सेकंदाला २० फुटांचा फरक आला तर लोक हवालदिल होतात. हिशोब करा: २७०० फुटांच्या आसपासच्या वेगाला तेवढ्या फरकाने ३०० मीटरवर गोळी एक-सव्वा सेंटिमीटर वरखाली जाते. तिथेच एक मिनिट ऑफ अँगल, म्हणजे अंशाचा साठावा भाग, ८.७ सेंटिमीटर भरतो. एकेक दाणा चिमट्याने टाकत बसण्यात शिकाऱ्याचा काही फायदा नाही. क्रोनोग्राफचा खरा उपयोग इशाऱ्याला. मॅन्युअलमधल्या कमाल वेगाच्या पुढे आकडा गेला की दाबही पुढे गेलाय असं समजायचं, भार कितीही कमी दिसत असला तरी. प्रायमर चपटा होणं, पुंगळीच्या बुडावर चकाकता ठसा उमटणं, बोल्ट जड उचलणं ही लक्षणं दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

तक्रार तराजूची. डिजिटल तराजू शून्यावरून सरकतो. पंख्याचा वारा लागला की सरकतो, नुकताच चालू केलेला असला की सरकतो. थोड्या थोड्या वेळाने तपासणीचं वजन ठेवून पाहावं लागतं, आणि त्याचा कंटाळा येतो. जुना दांडीचा तराजू सावकाश चालतो, पण त्यावर माझा भरवसा जास्त.

आणि आता माझी आवडती चाचणी. बारीक नळी चौथ्या-पाचव्या बारापासून तापते आणि गोळ्या वर सरकायला लागतात. शिकारीत हे सहसा घडतच नाही, तिथे पहिल्या थंड बाराचाच काय तो प्रश्न. म्हणून एक कागद वेगळा ठेवलाय. रेंजवर गेलो की थंड नळीतला पहिला बार त्याच कागदावर, १०० मीटरवरून, आणि कागद गुंडाळून परत पिशवीत. उन्हाचे दिवस, थंडीचे दिवस, नळी पुसलेली, न पुसलेली, सगळं त्याच कागदावर जमा होतं. त्यावरची भोकं आज माझ्या तळहातात झाकली जातात. टेबलावरच्या माझ्या सगळ्यात लहान ग्रुपपेक्षा हा पसारा बराच मोठा आहे, आणि किती लांबून बार टाकायचा हे मी या कागदावरूनच ठरवतो.

पुढे अखंड तांब्याची गोळी आजमावायची आहे. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाला गोळी लांब होते, पुंगळीतली जागा खाते आणि पिळांपासून जरा जास्त अंतर मागते. ती लागल्यावर नीट उमलायला वेगही हवा, त्यामुळे वजन १५० ग्रेनवर आणेन. तिचा तक्ता वेगळा, सुरुवात पुन्हा खालच्या भारापासून. थंड बाराचा कागदही नवा लावेन.