१४ महिने वापरली, गाडी चांगलीय पण तो लाल फ्यूज...

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. सर्व्हिस सेंटरशी भांडण अजून मिटलेलं नाही. २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतली, माझ्याकडे १४ महिने आणि २६ हजार किलोमीटर झाले. इंजिन, जागा वगैरे सोडा. मायलेज १७ पडतं, एसी भर मे महिन्यात कराडात पण गारठवतो, क्लच घेतल्या घेतल्या बदलावा लागला. झालं.

आता मुद्द्याचं. माझ्याकडे श्रीखंडाचा एक रिकामा डबा आहे आणि त्यात २३ उडालेले फ्यूज आहेत. सगळे लाल, म्हणजे १० अँपिअरचे, सगळे फ्यूजबॉक्समधल्या एकाच घरातले, टेललाईटच्या. बायको म्हणते फेकून द्या, मी म्हणतो पुरावा आहे.

होतं काय, तर मीटरचा उजेड जातो. हेडलाईट चालू, हॉर्न चालू, ब्रेक दाबला की मागचे लाल दिवे पण लागतात, त्यामुळे ड्रायव्हरला वाटतं सगळं ठीक आहे. पण मीटरचा उजेड, पुढची पार्किंग, मागचे टेललाईट आणि नंबरप्लेटचा दिवा या गाडीत एकाच फ्यूजवर आहेत, म्हणजे मीटर अंधारला की समजायचं मागून आपण दिसत नाही. मला हे कळायला दोन महिने गेले. कळलं ते पण कुंभार्ली घाटात, सासुरवाडीला चिपळूणला चाललो होतो, जुलै महिना, धुकं असं की बॉनेट दिसेना. मागून एसटी आली ती एकदम अंगावरच, कचकन ब्रेक लागल्याचा आवाज आला आणि ड्रायव्हरनं पुढं काढताना जे काही ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही पण चूक त्याची नव्हती. बाजूला घेऊन नवीन फ्यूज टाकला, चिपळूणपर्यंत चालला. घरी आल्यावर सोमवारी परत उडाला.

पहिला संशय माझ्यावरच, कारण नंबरप्लेटला मी एलईडी लावले होते. काढले, जुने ५ वॅटचे बल्ब परत लावले. उडाला. मग स्टँडजवळचा एक इलेक्ट्रिशियन, त्यानं २० चा पिवळा फ्यूज ठोकला आणि म्हणाला आता बघा कसा उडतो ते. उडाला नाहीच, पण चौथ्या दिवशी गाडीत रबर तापल्यासारखा वास यायला लागला, मी घाबरून काढून टाकला. कुणी असा सल्ला दिला तर ऐकू नका राव, फ्यूज वायरला वाचवायला असतो, मोठा टाकला आणि तो उडत नाही म्हणजे वायर जळतेय.

मग सर्व्हिस सेंटर. ६५० रुपये नुसते तपासायचे. दिवसभर गाडी उभी, लाईट लावून ठेवले, फ्यूज उडाला नाही, "सर प्रॉब्लेम येतच नाहीये." दुसऱ्या वेळी पण तेच. तिसऱ्या वेळी अॅडव्हायजर म्हणाला आधीच्या मालकानं बाहेरून रिव्हर्स कॅमेरा बसवलाय त्यानं वायरिंग बिघडलंय, मागचं पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, बदलू, १३,८०० रुपये. मी म्हटलं ५ रुपयाच्या फ्यूजसाठी? तो म्हणाला सर सेफ्टीचा प्रश्न आहे. तिथं आवाज चढला माझा, मान्य आहे. तर ज्यांना ही जुनी गाडी घ्यायचीय त्यांनी घेऊ नका, भंगार वायरिंग आहे.

(हे वरचं भांडण करून आलो त्या रात्री लिहून ठेवलं होतं. आता तीन आठवडे झालेत, पुढचं आज लिहितोय.)

"घेऊ नका" हे मागं घेतो, पण खोडत नाही, राग कसा होता ते कळू दे.

झालं असं की डोकं शांत झाल्यावर मी कागद घेऊन बसलो. मागचे दोन ५ वॅट, पुढचे दोन ५ वॅट, नंबरप्लेटचे दोन ५ वॅट, मीटरमधले बारीक दिवे धरून फार तर ३५ वॅट. भागिले १२, म्हणजे तीन अँपिअरच्या आसपास. १० चा फ्यूज तीन अँपिअरनं उडेल कसा? म्हणजे बल्ब, एलईडी, जादा लोड हे सगळं बाद, कुठंतरी वायर सरळ बॉडीला लागून शॉर्ट होतेय. आणि ती पण कायम नाही, अधूनमधून. मग उडायच्या वेळा आठवत बसलो. माझी खारी-टोस्टची एजन्सी आहे, संध्याकाळी सहा ते नऊ लाईन मारतो, १५-१६ दुकानं, प्रत्येक दुकानापुढं डिकी उघड, डबे काढ, डिकी आपट. फ्यूज उडायचा तो याच वेळेत. सकाळच्या लाईनीला कधीच नाही, कारण सकाळी लाईट बंद असतात! आणि कुंभार्लीच्या दिवशी? कोयनानगरला चहाला थांबलो तेव्हा लाईट चालू ठेवूनच डिकीतून छत्री काढली होती. सर्व्हिस सेंटरनं दिवसभर लाईट लावले खरे, पण डिकी बंद ठेवून.

आता फ्यूज जाळत बसायचं नाही म्हणून एक जुगाड केला, तो मात्र सगळ्यांनी करावा असा आहे. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर, दोन वायरी, टोकाला पिना, आणि हे फ्यूजच्या जागी खोचायचं. सगळं नीट असेल तर बल्ब मंद लागतो, शॉर्ट झाला की एकदम भगभगीत, पण काही जळत नाही, कारण बल्बच करंट अडवतो. लाईट चालू केले, बल्ब डॅशबोर्डखाली लोंबत ठेवला आणि पोराला सांगितलं डिकी हळूहळू वर घे. अर्ध्यापर्यंत काही नाही. खांद्याच्या उंचीला आली आणि बल्ब भक्कन पेटला, मी ओरडलो "थांब तिथंच!", पोरगं दचकलं आणि डिकी सोडली हातातून, बल्ब परत मंद.

डिकीच्या बिजागरीपाशी रबराची घड्यांची नळी असते बघा, बॉडीतून डिकीत वायरी जातात ती. स्क्रूड्रायव्हरनं तिचं टोक उचकटून मागं सारली. आत पाच वायरी, त्यातल्या तिघींचं प्लॅस्टिक बांगडीसारखं गोल तडकलेलं, नंबरप्लेटची तर बोटभर उघडी, तांबं हिरवं पडलेलं, आणि पत्र्याच्या भोकाच्या कडेला काळा ठिपका, तिथंच ठिणगी पडत होती. एवढासा ठिपका हो. आणि याच नळीत कॅमेऱ्याची जाड केबल कोंबलेली, त्यामुळे वायरींना हलायला जागा नाही, दर वेळी एकाच जागी मुडपायच्या. म्हणजे अॅडव्हायजरचं म्हणणं अर्धं खरं निघालं, हे लिहिताना त्रास होतोय. पण अर्ध्या खरेपणाचे १३,८०० होत नाहीत.

दुरुस्ती: नुसती टेप मारू नका, पाच-सहा महिन्यांत सुटते. बॅटरीचं टर्मिनल काढून तिन्ही वायरी कापल्या, बारीक तारांची मऊ वायर मध्ये वीतभर जोडली, सोल्डर करून वर उष्णतेनं आवळणारी नळी. जोड बिजागरीच्या रबरी नळीत घेतले नाहीत, एकीकडे डिकीच्या आत आणि दुसरीकडे बॉडीच्या आत, शिवाय एकाखाली एक येणार नाहीत असे, म्हणजे जिथं वाकतं तिथं फक्त मऊ वायर. कॅमेरा काढूनच टाकला, तसाही पावसाळ्यात काही दिसायचं नाही. एकूण खर्च ११० रुपये, त्यात पोराचा वडापाव धरलाय.

तेव्हापासून २० दिवस झाले, रोज दोन लाईनी, तोच एक लाल फ्यूज टिकून आहे. सर्व्हिस सेंटरमधून परवा फोन आला होता, सर अनुभव कसा वाटला, १० पैकी १० द्याल ना. मी म्हटलं १० च देतो, लाल रंगाचे, डबाभर आहेत. त्या मुलीला काही कळलं नाही, तिचा काय दोष. नंबरप्लेटचा डावा बल्ब मात्र अजून लुकलुकतोय, होल्डर गंजलाय, ४० रुपयाला मिळतो म्हणे, भंगारात बघतो आधी.