माटोळीवर लिहायचे ठरवले आहे: चटकन पसरेल असे लिहावे की नीट लिहावे?

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यात फोंडा, म्हापसा, डिचोलीच्या बाजारांत माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगून फळा-वेलींनी सजवायच्या लाकडी चौकटीचे, सामान येते आणि त्याच आठवड्यात माटोळीवरचे मराठी लेखन मोबाइलवर फिरू लागते. त्यात दोन जाती ठळक दिसतात. गोव्यात राहून मराठीत ऑनलाइन लिहायला बसणार असाल, तर यातली कोणती वाट आपली हे पहिल्या लेखाआधीच ठरवलेले बरे. दोन्हींना लागणारा वेळ वेगळा, वाचक वेगळे, आणि हाताला लागणारी सवयही वेगळी.

पहिली जात म्हणजे ‘माटोळीतली ही दहा फळे तुम्ही ओळखता का?’ दहा फोटो, प्रत्येकाखाली दोन ओळी. एका संध्याकाळचे काम. चवथीच्या आदल्या दिवशी टाकले की घरच्या व्हॉट्सअॅप गटांतून ते मुंबई-पुण्याला पोचते. यंदा गावी येऊ न शकलेल्या माणसाला ते बघून बरे वाटते, ही गोष्ट मी लहान मानत नाही.

दुसऱ्या जातीला रान तुडवावे लागते. सत्तरी तालुक्यात किंवा सांग्याच्या बाजूला माटोळीचे सामान गोळा करणाऱ्या बाईबरोबर हिंडायचे. कांगलां ही रानफळे कुठे मिळतात, केवणीच्या सालीचा दोर कसा काढतात, लाकडी चौकटीवर नारळ आणि सुपारीचे घड कोणत्या क्रमाने बांधतात, हे डोळ्यांनी पाहायचे. एकाच वेलीला पेडण्यात एक नाव आणि काणकोणात दुसरे असू शकते, म्हणून नाव लिहिण्याआधी दोन्हीकडे विचारायचे. शिवाय वनस्पती ओळखणाऱ्या एखाद्या शिक्षकाला फोटो दाखवून खात्री करायची. यात महिना सहज जातो, आणि छापून झाल्यावर पहिल्या दिवशी वाचणारे मोजकेच.

आता फरक कुठे जाणवतो ते पाहा. माटोळीतली सगळी फळे खायची नसतात. काही कडू असतात, काही चक्क विषारी. दोन ओळींच्या यादीत ‘रानातला आरोग्यदायी ठेवा’ असे सरसकट लिहिले जाते, आणि तीच ओळ सर्वांत जास्त पुढे पाठवली जाते. पसरणाऱ्या लेखातली चूकही तितकीच पसरते. नीट लिहिलेल्या लेखात त्या फळापाशी एक वाक्य थांबलेले असते: हे बांधायचे, खायचे नाही. माझ्यासाठी तुलना जवळजवळ इथेच संपते.

तरीही लोकप्रियतेचा मोह खोटा नाही, म्हणून ती कशी घडते हे समजून घ्यावे. 2006 साली मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. अपरिचित बँडांची 48 गाणी 14,000 हून अधिक लोकांसमोर ठेवली. काहींना आधीची डाउनलोडची संख्या दिसत नव्हती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत वाटले आणि प्रत्येक गटाला फक्त आपल्याच गटाची संख्या दिसत होती. गाणी तीच, पण प्रत्येक गटात यशस्वी गाणी वेगळी निघाली. उत्तम गाणी क्वचितच तळाला गेली, वाईट क्वचितच वर आली. मधल्यांचे मात्र काहीही होऊ शकत होते. म्हणजे तुमच्या लेखाला हजार लाइक आले की दहा, यात सुरुवातीच्या थोड्या लोकांचा आणि योगायोगाचा वाटा मोठा. तो आकडा पाहून स्वतःच्या लेखनाची प्रत ठरवू नका.

दुसरा अभ्यास 2012 चा, जोना बर्गर आणि कॅथरीन मिल्कमन यांचा. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे सुमारे 7,000 लेख तपासून त्यांना आढळले की विस्मय, राग आणि चिंता जागवणारे लेख लोक जास्त पुढे पाठवतात, उदास करणारे कमी. रानातल्या वस्तू मिळेनाशा होत चालल्या, वेल शोधायला दरवर्षी जास्त आत जावे लागते, ही माटोळीची आजची खरी बातमी उदास करणारी आहे. प्रसार हेच ध्येय धरले तर ती बातमी एक तर गाळली जाईल, नाही तर कोणावर तरी आगपाखड करून सांगितली जाईल. पण त्याच अभ्यासात उपयोगी माहितीही जास्त पाठवली जाते असे दिसले. नीट लिहिणाऱ्याने हे पदरात पाडून घ्यावे: विषारी फळांची खूण आणि सामान कधी काढले तर चवथीपर्यंत टिकते, हे लेखाच्या वरच्या भागात द्यावे. शीर्षकही स्पष्ट असावे. गूढ शीर्षकाने प्रत वाढत नाही.

लेखाच्या आयुष्याचा हिशेब सोपा आहे. यादी विसर्जनापर्यंत जगते. सविस्तर लेख पुढच्या चवथीला कोणी शोधायला बसले की पुन्हा सापडतो, शाळेच्या प्रकल्पातही जातो.

ज्यांचे घरगुती खानावळीचे किंवा पाहुण्यांना खोल्या देण्याचे काम आहे आणि लेखन हे गिऱ्हाईक येण्याचे साधन आहे, त्यांनी पहिली वाट खुशाल घ्यावी. फक्त फळांची नावे आणि ‘खाण्याजोगे’ हा शब्द तपासून लिहावा. बाकी सर्वांना मी दुसरी सांगेन, आणि त्याचे कारण गोवा हेच आहे. प्रदेश लहान, मराठी वाचणारे त्याहून थोडे, आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी लहानपणी स्वतः माटोळी बांधलेली असते. चूक लगेच पकडणारा वाचक इथे पहिल्या पन्नासांतच भेटतो. तो लिहितो, ‘आमच्या केरीला हे असे बांधत नाहीत.’ त्याला फोन करा, त्याची पद्धत त्याच्या गावाच्या नावानिशी लेखात घाला, आणि दुरुस्तीची तारीख खाली टाका.