दोन सॉकेटच्या लिनक्स सर्व्हरवर मेमरीचे धोरण निवडताना: कर्नेलवर सोपवावे, नोडला बांधावे की इंटरलीव्ह करावे?

‘फ्री’ ही आज्ञा कित्येक गीगाबाइट मेमरी मोकळी दाखवते आणि तरीही स्वॅप (मेमरी अपुरी पडल्यावर वापरली जाणारी डिस्कवरची जागा) वापरला जातो, किंवा तेच काम एकदा झपाट्याने आणि पुढच्या वेळी रेंगाळत पूर्ण होते, अशी लक्षणे दिसली की अधिक रॅम मागवण्याचा विचार सुरू होतो. त्याआधी असलेल्या मेमरीची मांडणी पाहावी. एएमडीच्या ऑप्टेरॉनमध्ये (२००३) आणि इंटेलच्या नेहॅलेम पिढीत (२००८) मेमरी कंट्रोलर (मेमरीशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग) थेट प्रोसेसरमध्ये आला. तेव्हापासून प्रत्येक सॉकेटला (मदरबोर्डवरील प्रोसेसर बसवण्याच्या जागेला) स्वतःची जवळची मेमरी असते आणि शेजारच्या सॉकेटची मेमरी वाचायला जास्त वेळ लागतो. या रचनेला न्यूमा म्हणतात, आणि तिच्यातील प्रोसेसर व त्याची जवळची मेमरी अशा प्रत्येक गटाला नोड.

कोणतेही धोरण ठरवण्यापूर्वी ‘डीएमआयडीकोड’ चालवून कोणत्या स्लॉटमध्ये किती क्षमतेचे मॉड्यूल आहे ते तपासावे. स्कायलेक पिढीच्या झिऑनला प्रति सॉकेट सहा मेमरी चॅनेल (प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातील स्वतंत्र मार्ग) असतात, तर एएमडीच्या पहिल्या एपिकला आठ. त्यांपैकी काही रिकामे राहिले तर बँडविड्थ घटते आणि ती कोणत्याही आज्ञेने परत मिळत नाही. त्यानंतर ‘न्यूमासीटीएल’ला, म्हणजे न्यूमाची मांडणी पाहण्याच्या आणि मेमरीचे धोरण ठरवण्याच्या आज्ञेला, हार्डवेअरची माहिती विचारावी. सगळी मॉड्यूल्स एकाच सॉकेटच्या स्लॉटमध्ये बसवली असतील, तर दुसऱ्या नोडपुढे शून्य मेमरी दिसेल. तिथेच नोडांमधील अंतरांचा तक्ताही मिळतो: स्वतःच्या नोडसाठी १०, दुसऱ्यासाठी बहुधा २० किंवा २१. हे आकडे फर्मवेअरने कळवलेले असतात, मोजलेले नसतात, हे ध्यानात ठेवावे.

पहिला पर्याय कर्नेलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, सोपवण्याचा. ज्या प्रोसेसरवरून एखाद्या पेजला (मेमरीच्या ठराविक आकाराच्या तुकड्याला) पहिल्यांदा स्पर्श होतो, त्याच्याच नोडवर लिनक्स ते पेज ठेवतो. कर्नेल ३.८ पासून (२०१३) स्वयंचलित न्यूमा बॅलन्सिंगही आले असून ते पेजेस आणि थ्रेड्स एकमेकांजवळ आणण्याचा प्रयत्न करते. मात्र पेज कोण वापरते हे कळण्यासाठी ते मुद्दाम पेज फॉल्ट (पेज वापरताना कर्नेलला मध्ये पडायला लावणारा अडथळा) घडवून आणते आणि त्याचा थोडा भार पडतो. लहानमोठी, सतत बदलणारी कामे असलेल्या यंत्रावर हाच पर्याय योग्य आहे.

दुसरा पर्याय प्रोसेसला एका नोडच्या प्रोसेसरांशी आणि मेमरीशी बांधण्याचा. काम खरोखर एका नोडमध्ये मावत असेल, तर याहून चांगला वेग कशानेही मिळत नाही. चार लहान आभासी यंत्रे दोन नोडांवर दोन-दोन वाटून देणे हे याचे उत्तम उदाहरण. अनेक जण केवळ ‘टास्कसेट’ वापरून थांबतात, पण ते फक्त प्रोसेसर ठरवते; आधी घेतलेली मेमरी होती तिथेच राहते. शिवाय मेमरी एकाच नोडला बांधणारा ‘न्यूमासीटीएल’चा ‘मेमबाइंड’ हा पर्याय अत्यंत कठोर आहे. तो नोड भरला की शेजारी जागा मोकळी असूनही प्रोसेस मारली जाऊ शकते. मागणीचा नेमका अंदाज नसेल तर त्याचेच ‘प्रेफर्ड’ हे धोरण घ्यावे, कारण जागा संपल्यावर ते दुसऱ्या नोडकडे वळते.

तिसरा पर्याय इंटरलीव्हचा, म्हणजे पेजेस आळीपाळीने सर्व नोडांवर पसरवण्याचा, आणि मोठ्या डेटाबेससाठी माझा कल स्पष्टपणे याच्याकडे आहे. १२८ गीगाबाइटचे दोन नोड आणि १८० गीगाबाइटचा बफर (डेटाबेसने डेटा साठवण्यासाठी राखलेली मेमरी) असा प्रसंग घेऊ. बफर सुरुवातीला एकाच थ्रेडने भरला, तर पहिला नोड काठोकाठ भरतो, उरलेला भाग दुसऱ्यावर जातो आणि पहिल्या नोडवरील पुढच्या प्रत्येक मागणीची ओढाताण होते. ३.१६ पूर्वीच्या कर्नेलवर नोडांमधील अंतर ठराविक मर्यादेहून अधिक असल्यास ‘झोन रीक्लेम मोड’ ही सेटिंग आपोआप चालू होत असे, आणि मग मोकळा नोड शेजारी असताना भरलेल्या नोडवरचीच पेजेस हुसकावली जात. त्यामुळे जुन्या यंत्रावर ते मूल्य शून्य आहे ना, हे आधी पाहावे. इंटरलीव्हमध्ये दोन सॉकेटवर सरासरी निम्मे आणि चार सॉकेटवर पाऊण वाचन दूरच्या मेमरीतून होते, ही त्याची किंमत आहे. पण दोन्हीकडच्या चॅनेलांवर भार सारखा पडतो आणि वेग स्थिर राहतो. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये यासाठी वेगळी सेटिंग आहे.

बायोसमधील ‘नोड इंटरलीव्हिंग’ मात्र टाळावे. ते सुरू केल्यावर लिनक्सला एकच नोड दिसतो आणि एका कामासाठी इंटरलीव्ह व दुसऱ्यासाठी बांधणे ही मुभाच उरत नाही.

निवड केल्यावर प्रोसेस नव्याने सुरू करावी आणि नेहमीच्या भाराखाली ‘न्यूमास्टॅट’ या आज्ञेने दिसणारी नोडनिहाय आकडेवारी काही काळाच्या अंतराने पाहावी. तिच्यातील ‘न्यूमा मिस’ हा आकडा सतत वाढत असेल, तर हव्या त्या नोडवर जागा मिळत नाही असा अर्थ होतो, आणि तेव्हा बांधलेले काम सैल करावे किंवा बफर लहान करावा.