मोलच्या गणितासाठी दोन दशांश दाखवणारा काटा

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आम्ही २०० ग्रॅम क्षमतेचा, ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा घेतला. मोलची (पदार्थातील कणांची संख्या मोजण्याच्या एककाची) गणिते मुलांनी केवळ वहीत न सोडवता प्रत्यक्ष करून पाहावीत, हा हेतू होता आणि तेवढ्या कामासाठी तो निश्चितच घेण्याजोगा आहे.

खाण्याचा सोडा आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांची अभिक्रिया मोलच्या हिशेबाने एकास एक होते. सोड्याच्या एका मोलचे वस्तुमान ८४ ग्रॅम, म्हणून ४.२० ग्रॅम सोडा म्हणजे ०.०५ मोल, त्याला तितकेच मोल, म्हणजे सुमारे १.८३ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड (पाण्यात विरघळून हे आम्ल बनवणारा वायू) लागते आणि २ मोलर, म्हणजे लिटरला २ मोल असलेल्या, आम्लाच्या २५ मिलिलिटरमध्ये ते नेमके मिळते. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइडही ०.०५ मोल, अर्थात २.२० ग्रॅम. कागदावर घेतलेला सोडा आणि आम्लाचे चंचुपात्र आधी एकत्र तोलावे, मग सोडा थोडाथोडा आम्लात टाकावा आणि फसफस थांबल्यावर रिकाम्या कागदासह पुन्हा तोलावे. घट २.२० ग्रॅमपेक्षा किंचित कमी भरते, कारण थोडा वायू पाण्यात विरघळलेला असतो आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे थोडा पात्रातच साचून राहतो. ही तूटसुद्धा काट्यावर दिसते, आणि तिचे कारण शोधताना मुले जे शिकतात ते मला फार मोलाचे वाटते.

मॅग्नेशिअमच्या फितीसाठी मात्र हा काटा अपुरा आहे. ०.२४ ग्रॅम फीत, म्हणजे ०.०१ मोल, जाळली तर ऑक्सिजनमुळे वाढ अवघी ०.१६ ग्रॅम होते, त्यात ०.०१ ग्रॅमची चूक म्हणजे सहा टक्क्यांहून अधिक. या प्रयोगाला तीन दशांशांचाच काटा हवा.

पंखा चालू असला की शेवटचा आकडा स्थिर राहत नाही, पंखा बंदच करावा लागतो. याहून त्रासदायक म्हणजे काही वेळ बटण दाबले नाही तर काटा आपोआप बंद होतो आणि पात्राचे शून्य केलेले वजन पुसले जाते. म्हणून शून्य न करता पात्रासह पूर्ण वजन लिहून ठेवावे आणि वजाबाकी वहीत करावी.